अस्वलाचं वाक्य

त्या शाळेत मी पाच वर्षं होते. गावातलं शेवटचं घर संपलं की शाळा, शाळेच्या मागे तारेचं कुंपण, मग कोरडा नाला आणि नाल्याच्या पलीकडे लगेच जंगलाचा चढ. वर सागवान, खाली सीताफळाची झुडपं. चौथीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक. एक मी. दुसरे मुख्याध्यापक, त्यांना सगळं गाव मोठे सर म्हणायचं. ते अमडापूरहून मोटरसायकलवर यायचे, मी बुलढाण्याहून स्कूटीवर.

तिसरी आणि चौथी माझ्याकडे होती. मुलांना इंग्रजी पाठ होतं, पण येत नव्हतं. ‘दिस इज अ पेन’ म्हणताना खिडकीकडे बोट दाखवायची. मी म्हटलं, यांना पेनाशी काय करायचं आहे? यांचं सगळं आयुष्य जनावरांत. सकाळी म्हैस सोडायची, दुपारी बकऱ्या वळायच्या, संध्याकाळी रानडुकरांना हाकलायला बापाबरोबर तुरीत जायचं. मग इंग्रजीचं व्याकरणही जनावरांवरूनच शिकवायचं ठरवलं.

वह्यांच्या पुठ्ठ्यांची कार्डं कापली, प्रत्येकावर एक प्राणी काढला आणि दोरा ओवून एकेकाच्या गळ्यात घातलं. ज्याच्या गळ्यात जे कार्ड, ते त्याचं त्या महिन्यापुरतं सोंग. बकरी उभी राहून म्हणायची, ‘आय ॲम अ गोट. आय हॅव टू हॉर्न्स.’ रोह्याला, म्हणजे नीलगाईला, इंग्रजीत ‘ब्लू बुल’, निळा बैल, म्हणतात म्हटल्यावर वर्ग हसून हसून लोळला. “निया कुठी हाये तो, मॅडम? मातीवानी तं दिसते!” ‘एस’ कधी लावायचा हे मी शेपटीवरून शिकवलं. प्राणी एकटा असला तर शेपूट क्रियापदाला, द गोट ईट्स. कळप असला तर शेपूट नावाला, गोट्स ईट. दोन दिवसांत चौथीच्या पोरांना जे कळलं, ते मला स्वतःला बी.ए. होईपर्यंत नीट कळलं नव्हतं.

फक्त अस्वलाचं कार्ड कुणी घेईना. त्या गावात अस्वलाचं नाव सहसा घेत नाहीत. नाल्याकडे जाताना तर नाहीच. “काल कायं आलं होतं,” एवढंच म्हणतात, काळं म्हणजे कोण ते सगळ्यांना कळतं. मी चित्र दाखवलं तशी पोरं मागे सरकली. मी म्हटलं, अरे, चित्र आहे. तेव्हा तिसरीतल्या एका मुलीनं हात वर केला.

“मले द्या, मॅडम.”

लहानखुरी मुलगी, दोन घट्ट वेण्या, बोलायची कमी. पण ऐकायची अशी की आपण बोलताना सावध व्हावं. आई-वडील, एक तान्हा भाऊ आणि शेजारच्याच खोल्यांत मोठे काका-काकू. त्या काकूला ती मोठी आई म्हणायची. थोडी कपाशी, थोडी तूर, आणि हंगामात बायका जंगलातून सीताफळं आणून बाजाराला न्यायच्या.

कार्ड गळ्यात पडलं आणि मुलगी बदलली. पाठ वाकवून, पाय फेंगडे टाकत वर्गभर फिरायची. ‘आय ॲम अ बेअर. आय हॅव लाँग नेल्स. आय लाइक हनी.’ तिच्या तोंडून इंग्रजी असं यायचं की मोठे सर पलीकडच्या खोलीतून दारात येऊन उभे राहायचे.

दिवाळीच्या सुट्टीआधीचे दिवस होते. मी चालू वर्तमानकाळ घेतला. पुस्तकात अर्थ दिला होता, ‘येत आहे’. मुलांना तो काही पोचेना. त्या गावात कोणी ‘येत आहे’ म्हणत नाही. मग मी म्हटलं, “हे बघा, इज कमिंग म्हणजे, येऊन राह्यला.” झालं. वर्गात एकदम उजेड पडल्यासारखं झालं. इज ईटिंग, खाऊन राह्यली. इज रनिंग, पळून राह्यला. पोरांना वाटलं, अरे, ही तर आपलीच भाषा.

त्या दुपारी मी सगळ्यांना मैदानात नेलं. खेळ ठरवला. बाकीचे प्राणी कडुलिंबाखाली चरत असतील, अस्वल कुंपणाकडून येईल. अस्वल म्हणेल, ‘आय ॲम कमिंग!’ आणि सगळे ओरडतील, ‘द बेअर इज कमिंग! अस्वल येऊन राह्यलं!’ आणि पळतील. इंग्रजी वाक्य आणि लगेच आपलं वाक्य, म्हणजे अर्थ पक्का होईल, असा माझा हिशेब.

मुलगी कुंपणाच्या तारेपर्यंत गेली, तिथून वळली आणि म्हणाली, ‘आय ॲम कमिंग!’ पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली. एकदा झालं, दोनदा झालं. “अजून एकदा, मॅडम,” करत शाळा सुटेपर्यंत तेच चाललं. त्या चढावर आवाज आदळून परत यायचा. पोरांना त्याचीही गंमत वाटली. आपण ओरडलो की पलीकडूनही कोणी ओरडतं. मला आठवतं, मी त्या दिवशी फार खुश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाच्या अलीकडच्या वळणावर समोरून एक जीप भरधाव आली. रस्ता अरुंद, मी स्कूटी काट्यात उतरवली. जीप गेली तेव्हा मागच्या बाजूला मला फक्त एक हात दिसला. फळीच्या कडेला घट्ट धरलेला, हिरव्या बांगड्यांचा. वर लुगड्यात गुंडाळलेलं डोकं होतं, पण ते डोकं आहे हे मला नंतर कळलं.

शाळेत एकही मूल नव्हतं. मोठे सर व्हरांड्यात उभे होते.

“मॅडम, बसा आधी,” ते म्हणाले. “आपल्या त्या पोरीची आई. सकाळी सीताफळाला गेली होती. अस्वलानं धरलं.”

मी विचारलं, “जिवंत आहे?”

“आहे. बुलढाण्याला नेलंय. तिथून बहुतेक अकोल्याला नेतील.”

वनरक्षक दुपारी आला. त्यानं सांगितलं ते अगदी सरळ होतं. मादी होती, बरोबर दोन पिल्लं. त्या वर्षी खालच्या झुडपांना सीताफळं जास्त, म्हणून अस्वलं नाल्यापर्यंत उतरत होती. बाई वाकून फळं तोडता तोडता नेमकी मादी आणि पिल्लांच्या मध्ये गेली. मोठी आई दहा पावलांवर होती, तिनं दगड मारले, आरडाओरडा केला, तेव्हा ते सोडून गेलं. अशी गोष्ट त्या भागात दर दोन-चार वर्षांनी होते. मला हे सगळं पटलं. आजही पटतं.

तिसऱ्या दिवशी मोठी आई शाळेत आली. तिच्या लुगड्यावरचा डाग धुऊनही गेला नव्हता. ती पायरीवर उभी राहिली, आत आली नाही. वर्गात पाच-सहा मुलं होती, त्यांच्यादेखत बोलली.

“मॅडम, आमी नाल्याकडं जाताना त्याचं नाव नाई घेत. तुमाले मालूम नव्हतं काय?”

मी हातातला खडू खाली ठेवला.

“आदल्या दिवशी आमी दोघी जावा कापूस येचून राह्यलो होतो. दुपारपासून आयकून राह्यलो. येऊन राह्यलं, येऊन राह्यलं. सारी शाया एका आवाजात. तुमी त्याले हाका मारल्या, मॅडम. ते आलं.”

मोठे सर पुढे आले. “माय, लेकरांचा खेळ होता तो. अभ्यास होता.”

“मी लेकरायले कुठी बोलली?” ती म्हणाली, आणि माझ्याकडे एकदा बघून पायरी उतरली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. वडील दवाखान्यात होते. मुलगी तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन दारात बसली होती. मी तिच्याजवळ टेकले. शाळेत ये म्हटलं. भावाला घेऊन ये, चालेल. तिनं भावाच्या अंगावरचं फडकं नीट केलं. मग एकदम हलक्या आवाजात म्हणाली,

“मॅडम, मीच म्हटलं ना.”

“काय?”

“आय ॲम कमिंग.”

मी म्हटलं, “अगं, तसं काही नसतं. तो खेळ होता. बोलल्यानं काही होत नाही.” तिनं मान डोलावली. शिक्षकानं फळ्यावर चुकीचं लिहिलं तरी शहाणं मूल वहीत उतरवून घेतं ना, तशी.

सगळी कार्डं मी कपाटात टाकली आणि परत पुस्तक धरलं. दिस इज अ पेन. दॅट इज अ टेबल. मुलं आज्ञाधारकपणे म्हणायची. पण वर्गात काहीतरी बसून राहिलं होतं. एकदा मी सवयीनं बोलून गेले, “म्हणा, द बस इज कमिंग.” कोणीच म्हटलं नाही. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांनी माना वळवल्या आणि सगळी मागच्या खिडकीतून नाल्याकडे बघायला लागली. भर दुपार होती, बाहेर स्वच्छ ऊन. मीही बघायला लागले. शेवटी मी फळा पुसला आणि गणित घेतलं.

पंधरा दिवसांनी खिचडी शिजवणारी बाई सकाळी धावत आली. स्वयंपाकाच्या खोलीचं दार खालून फाडलेलं, तेलाचा डबा आडवा, चाटून कोरडा केलेला. दाराच्या फळीवर नखांचे उभे ओरखडे होते, माझ्या छातीइतक्या उंचीपर्यंत. वनरक्षक म्हणाला, “तेलाच्या वासानं आलं, मॅडम, दुसरं काही नाही.” मुलं ओळीनं उभी राहून त्या ओरखड्यांकडे बघत होती. त्यातल्या एकानं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी विसरले नाही. त्यात आरोप नव्हता. आता पुढे काय म्हणायचं ते तुम्ही सांगाल ना, असं काहीतरी त्यात होतं.

मला स्वतःलाच मग ते ऐकू यायला लागलं. स्कूटीवरून घाट उतरताना, घरी कणीक मळताना, बँकेत रांगेत उभी असताना. सगळ्या पोरांचा एकत्र आवाज, आणि त्याच्या मागून चढावरून परत आलेला तोच आवाज, जरा उशिरा. घरात कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? मी पदवीधर बाई, मुलांना भूत-प्रेत काही नसतं म्हणून शिकवणारी.

बदलीचा अर्ज लिहिला आणि मोठ्या सरांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला.

“मॅडम, जाना है तो जाओ. मी सही करतो. पण पोरांना काय सांगून जाणार?”

अर्ज मी परत पर्समध्ये ठेवला आणि तो तिथेच राहिला.

थंडी सरत आली होती. एक दिवस मधल्या सुट्टीनंतर वर्ग भरत होता आणि दारात ती बाई उभी राहिली. मुलीची आई. पदर अर्ध्या चेहऱ्यावरून घट्ट ओढलेला, एका हातानं मुलीचा हात धरलेला. मुलं उठून उभी राहिली. एरवी फक्त साहेब आले की उठतात.

“बसू काय, मॅडम?”

मी खुर्ची पुढे केली. तिनं मागच्या भिंतीला टेकून खालीच बसकण मारली आणि मुलीला जवळ बसवलं. मग हळूच पदर काढला. मी तिच्याकडे बघायचं ठरवलं होतं, आणि बघितलं. एक डोळा नव्हता. त्या बाजूचा गाल वर ओढून शिवलेला, ओठाचा कोपरा त्याच्याबरोबर गेलेला. मुलं बघत राहिली. तिनं त्यांना बघू दिलं.

“पाहून घ्या रे,” ती म्हणाली. “मंग भेव नाई वाटत.”

शब्द तिच्या तोंडातून जरा घसरून यायचे, पण कळायचे.

मी म्हटलं, “मी तुमच्याकडे यायला पाहिजे होतं.”

“मले एक इचारायचं हाये. त्या दिवशी पोट्टे काय म्हनत होते ते मी कापसातून आयकलं. माह्या पोरीचा आवाज मले वयखू आला. मी जाऊबाईले म्हनलं, पाहा वं, माही पोरगी इंग्रजी बोलून राह्यली. मले लय चांगलं वाटलं होतं, मॅडम.” तिनं मुलीकडे पाहिलं. “आता ही पोरगी बोलतच नाई. इंग्रजी नाई अन् मराठीबी नाई. म्हनून आली. ते येऊन राह्यलं, हे तुमी शिकवलं. गेलं, हे काऊन नाई शिकवलं?”

खरंच होतं. भूतकाळाचा धडा पुढे होता. तिथपर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो.

“गेलं कसं म्हनतेत?”

“वेन्ट,” मी म्हटलं. “द बेअर वेन्ट अवे. अस्वल निघून गेलं.”

चौथीतला एक मुलगा, रोह्याचं कार्ड असायचं त्याचं, महिनोन्महिन्यांनी पहिल्यांदा आपणहून बोलला. “मॅडम, गो चं वेन्ट काऊन होते? ईडी नाही लागत त्याले?”

“नाही. याचं रूप सगळंच बदलतं. लक्षातच ठेवावं लागतं.”

मी फळ्यावर लिहिलं. बाईनं मुलीला कोपरानं ढोसलं. “म्हन.”

मुलगी जमिनीकडे बघत राहिली.

“बरं, मी म्हनतो,” आई म्हणाली आणि फळ्याकडे एकच डोळा लावून, जणू अक्षरं तिला येतात असं बघत, म्हणाली. ओठ जुळत नव्हते, ‘वेन्ट’चं ‘एन्ट’ झालं. द बेअर एन्ट अवे. कोणी हसलं नाही. मग तो मुलगा म्हणाला, मग सगळा वर्ग, आणि न सांगता सगळ्यांनी आपलं वाक्यही जोडलं, अस्वल निघून गेलं. मोठ्याने, पुन्हा पुन्हा. मोठे सर दारात येऊन उभे राहिले होते. पलीकडच्या वर्गातली पहिली-दुसरीची पोरंही कळत नसताना म्हणायला लागली. आवाज चढावर जाऊन परत येत होता, तोही ऐकू येत होता.

मी मुलीकडे बघत होते. तिचे ओठ हलल्यासारखे वाटले. पण एवढ्या आवाजांत तिचा आवाज होता की नव्हता, मला कळलं नाही. तिच्या आईनं मात्र मान डोलावली. पोरीच्या पाठीवर हात ठेवला, पदर ओढला आणि उठली.

“येतो, मॅडम. उद्यापासून धाडतो इले.”

आणि मुलगी खरंच यायला लागली. हळूहळू बोलायलाही लागली. मी भूतकाळ शिकवला, मग भविष्यकाळ. इतर प्राणी कपाटातून बाहेर आले. अस्वलाचं कार्ड मी काढलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही. मोठी आई एकदा रस्त्यात भेटली तेव्हा तिनं मला थांबवून घरची सीताफळं दिली. ती मी घेतली, घरी नेली. खाल्ली मात्र नाहीत.

पुढे माझी रीतसर बदली झाली. मोठे सर निवृत्त झाले. नव्या शाळेतही मी प्राण्यांवरूनच शिकवते. चालू वर्तमानकाळाला म्हैस घेते, पोहणारी, चरणारी, बसलेली. येणारी घेत नाही. सोबतच्या शिक्षकांच्या ते कधी लक्षात आलं नाही.

मागच्या वर्षी शेगावला गेले होते. दर्शन झालं, बाहेर आले, तर मागून कोणीतरी “मॅडम” म्हणालं. वळून पाहिलं तर एक उंच मुलगी. वेण्या नव्हत्या, केस मोकळे. मी ओळखलं नाही, मग ओळखलं. अकरावीला होती, खामगावात खोली करून राहत होती. इंग्रजीत वर्गात पहिली आल्याचं तिनं अगदी साधेपणानं सांगितलं, आणि पुस्तकी मराठीत. आई चपला घ्यायला गेली होती. दूर स्टँडपाशी मला दिसत होती, तोंडावर पदर नव्हता, माणसांत मोकळी उभी होती.

मला वाटलं होतं मी विचारणार नाही. पण विचारलं.

“अजून वाटतं का गं तुला, की तुझ्यामुळे झालं?”

तिनं मला काय म्हणायचं आहे ते लगेच ओळखलं. इतक्या वर्षांत तिला दुसऱ्या कुणी ते विचारलं नसावं. ती आईकडे बघत राहिली.

“तसं काही नसतं, हे मला माहीत आहे, मॅडम,” ती म्हणाली. “पण कधी कधी वाटतं.” मग घाईनं म्हणाली, “आईला सांगू नका.”

“मलाही वाटतं,” मी म्हटलं.

तिनं चमकून माझ्याकडे पाहिलं. पुढे काही बोलायच्या आत आई चपला घेऊन आली. मला बघून तिला इतका आनंद झाला की तिनं माझे दोन्ही हात धरले. समोरच्या टपरीवर आम्ही तिघींनी चहा घेतला. आईनं माझ्या घरच्या मुलांची चौकशी केली, कोण कितवीला, कोणाला काय आवडतं. मी सांगत राहिले. मुलगी आमच्या दोघींच्या मध्ये बसली होती आणि चहात बिस्किट बुडवून शांतपणे खात होती.